परत पाठवलेलं पाणी

१

तनूला अंघोळ घालायचं काम माझ्याकडे होतं. संध्याकाळी साडेसहा वाजता, मागच्या बाजूची अरुंद बाथरूम, अर्धा भरलेला टब आणि एक निळा प्लॅस्टिकचा जग. माझी बायको ऋजुता सकाळी तनूला शाळेच्या ब्रेकफास्ट क्लबमध्ये सोडून लंडनची ट्रेन पकडायची, ती थेट संध्याकाळी साडेसातला घरी उगवायची. माझं ऑफिस क्रॉयडनमध्येच, ट्रामने बारा मिनिटांवर. सकाळी साडेसहाला हजर व्हायचं, अडीचला सुटायचं, सव्वातीनला तनूच्या शाळेच्या दारात उभं राहायचं. ऐकायला हे सगळं सोयीचं वाटतं. यंदाच्या, २००७-०८च्या हिवाळ्यात मी इतका दमलेला होतो की ट्राममध्ये उभ्याउभ्या झोपायचो आणि आपल्या स्टॉपला आपोआप जागा व्हायचो.

डोक्यावरून पाणी घेणं हा तनूचा रोजचा समारंभ असे. तिचं पाचवं सरत आलं होतं म्हणा किंवा पाच पूर्ण व्हायला आले होते म्हणा, ती स्वतः "जवळजवळ five" असं सांगायची. मान मागे टाकायची, डोळे इतके गच्च मिटायची की नाकावर सुरकुत्या पडायच्या, आणि जग धरलेलं माझं मनगट दोन्ही हातांनी पकडून ठेवायची. पाणी ओतायचो मी, पण कधी आणि किती ते मनगट ओढून तीच ठरवायची.

"डोळ्यात नको हं बाबा. फक्त तीन. Promise?"

"प्रॉमिस."

"एक. दोन. तीन. And last one!"

हा चौथा जग कायमचा ठरलेला. मग टॉवेल, मग हेअर ड्रायर, मग वरणभात. आमच्यासारख्या घरांत असंच चालतं. फरक इतकाच होता की नोव्हेंबरपासून तिच्या कपाळाच्या वरचा, केसांतला तळहाताएवढा एक भाग वाळत नव्हता.

२

नोव्हेंबरचं सांगायला हवं. सांगायची लाज वाटते, पण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

आमच्या रस्त्याच्या टोकाला चर्चची एक प्राथमिक शाळा आहे. जुनी दगडी इमारत, लहान खिडक्या, निकाल उत्तम. कौन्सिलनं आम्हाला दिलेली, तनू तेव्हा जात होती ती शाळा दोन बस बदलून जावं लागायचं इतकी लांब, आणि तिच्याबद्दल कोणी चांगलं बोलत नव्हतं. चर्चच्या शाळेत लहान मुलांच्या वर्गात तीसच मुलं घेता येतात, तसा कायदाच आहे. एक कुटुंब कॅनडाला निघालं होतं, त्यामुळे जानेवारीत तिसावी जागा रिकामी होणार होती. वेटिंग लिस्टवर वर सरकायला नियमित हजेरी हवी, आणि मुलाचा बाप्तिस्मा झालेला हवा.

"रघू, it's just a form," ऋजुता म्हणाली. "वर्षभर आपण रविवारी जातोच आहोत ना? मग हे पण करून टाकू."

वर्षभर आम्ही खरंच जात होतो. मागच्या बाकावर बसून गाण्यांच्या वेळी तोंड हलवत होतो. तिथल्या व्हिकर, म्हणजे मुख्य पाद्री, मार्गारेट साठीच्या, गुडघ्यांनी बेजार झालेल्या बाई. आम्ही कशासाठी येतो ते त्या पहिल्याच रविवारी ओळखून असणार, तरी आमच्याशी त्या प्रेमानंच वागल्या. म्हणून तर लाज जास्त.

तनू पायरीवर उभी राहिली. तिच्या वतीनं विचारलेल्या सगळ्या प्रश्नांना आम्ही दोघांनी छापील कागदावर बघून उत्तरं दिली, वचनं दिली. व्हिकरबाईंनी शिंपल्यासारख्या चांदीच्या वाटीनं तिच्या डोक्यावर तीनदा पाणी घातलं. तनूनं डोळे गच्च मिटले आणि तिचे दोन्ही हात हवेत मनगट शोधत राहिले. मी दोन पावलांवर होतो, पण हातात कागद होता.

त्या दुपारी मी नागपूरला आईला फोन केला. तिच्यापासून लपवणं मला जमत नाही. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "देवापाशी गडू आहे ना रे?"

गडू म्हणजे गंगेच्या पाण्याचा, झाळून बंद केलेला, तांब्याचा. आम्ही इकडे आलो तेव्हा तिनं कपड्यांच्या घडीत घालून दिलेला. तो एरवी कोणी फोडत नाही. घरात कोणी शेवटच्या घटका मोजत असेल तेव्हाच फोडतात.

"फोड आणि पोरीच्या डोक्यावर घाल," आई म्हणाली. "जे झालं ते वाहून जाईल. तुमची शाळा तुम्हाला राहील आणि आपली पोर आपल्याला."

साडेसहाला मी कॅन ओपनरनं गडू फोडला. ऋजुता दारात हाताची घडी घालून उभी होती, हसतही होती थोडी. तनूनं मान मागे टाकली, माझं मनगट धरलं. मोजून चार घोट पाणी निघालं. ते तिच्या केसांतून ओघळलं, टबात पडलं आणि मी बूच काढल्यावर बाकीच्या पाण्याबरोबर निघून गेलं. मला फार हलकं वाटलं. दोन्हीकडचं साधलं असं वाटलं.

३

पहिले दोनतीन दिवस आम्ही लक्ष दिलं नाही. इथल्या हिवाळ्यात काहीच धड वाळत नाही, टॉवेलसुद्धा नाही. मग ऋजुता एकदा ड्रायर घेऊन वीस मिनिटं बसली. सगळे केस कोरडे, भुरभुरीत, आणि समोर तेवढाच भाग ओला. हात लावला की बोटं ओली व्हायची. थेंब मात्र कधी पडायचा नाही.

"माझी केस ओला आहे," तनू शांतपणे सांगायची. तिचं मराठी असंच होतं. "But it's not cold, बाबा."

जीपीनं, इथल्या फॅमिली डॉक्टरनं, घामाच्या ग्रंथी म्हणून सांगितलं आणि एक मलम दिलं. ते लावल्यावर मलमही ओलं राहिलं. ऋजुतानं शाम्पू बदलला. मी छत बघितलं, पलंग खिडकीपासून हलवला, बॉयलरचा दाब तपासला. आम्ही दोघंही शिकलेली माणसं, कारण शोधायची सवय. कारण मिळेना तेव्हा आम्ही त्याबद्दल बोलायचं बंद केलं. तनूला उशीवर एक छोटा रुमाल घालून द्यायचो आणि सकाळी तो उचलून रेडिएटरवर टाकायचो. रुमालाला ओल्या लाकडाचा आणि डांबराचा वास यायचा. आमच्या घरात डांबर कुठून येणार?

दुसरी गोष्ट बाथरूमची. टब रिकामा झाला की शेवटी घशातून काढल्यासारखा एक आवाज येतो, तो सगळ्यांच्या घरी येतो. आमच्याकडे त्यानंतरही पाणी जात राहायचं. टब कोरडा, नळ बंद, आणि खाली पाइपात पाणी वाहतच आहे. बारीक, एकसारखं, लांब कुठेतरी चाललेलं. मी एकदा टबाच्या काठावर बसून घड्याळ लावलं. अकरा मिनिटं झाली तरी ते थांबलं नव्हतं. वरणभात गार होत होता म्हणून मी उठलो.

घरमालकानं पाठवलेला प्लंबर म्हणाला, शेजारच्यांचा पाइप असेल. शेजारचं घर ऑगस्टपासून रिकामं होतं.

४

माझी कंपनी जुनी पुस्तकं आणि हस्तलिखितं कॉम्प्युटरवर आणते. पानांचे फोटो काढून महाराष्ट्रात पाठवायचे. तिथे एकच पान दोन वेगवेगळी माणसं टाइप करतात, एकमेकांचं न बघता. मग सॉफ्टवेअर दोन्ही मजकूर शेजारीशेजारी ठेवतं आणि जिथे फरक असेल तिथे लाल खूण करतं. लाल खूण आली की मूळ फोटो बघून खरं काय ते मी ठरवायचं. दोघांचं जुळलं तर ते बरोबर धरायचं. दोन अनोळखी माणसं एकाच जागी एकच चूक करत नाहीत, या एका गोष्टीवर आमचा सगळा धंदा उभा आहे.

जानेवारीत तनू नव्या शाळेत जायला लागली त्याच आठवड्यात एका विद्यापीठाचं काम आलं. एका इंग्रज पाद्र्यानं शंभरेक वर्षांपूर्वी वहीत उतरवलेलं, जुन्या लॅटिन बखरीचं भाषांतर. छापलं कधीच नव्हतं. विषय होता लिव नावाचे लोक. नाव मी कधी ऐकलेलं नव्हतं. नदीच्या नावावर लाल खुणा पडल्या होत्या म्हणून मी वाचायला लागलो आणि वाचतच गेलो.

बाराव्या शतकाच्या शेवटी, आज लाटव्हिया आहे तिथे, दौगवा नदीच्या काठी हे लिव राहायचे. मध, मेण, मासे आणि थोडी शेती. शेजारच्या टोळ्या त्यांना लुटायला यायच्या. जर्मन व्यापाऱ्यांच्या गलबतातून एक म्हातारा पाद्री आला आणि म्हणाला, मी तुम्हाला दगडी किल्ला बांधून देतो, शत्रूला हलवता येणार नाही असा. फक्त माझं पाणी डोक्यावर घ्या. या लोकांना चुन्यात दगड बसवायची विद्या ठाऊक नव्हती. त्यांनी पाणी घेतलं. किल्ला उभा राहिला. मग ते नदीत उतरले आणि पाणी धुऊन टाकलं.

मी चहाचा कप खाली ठेवला. मला हसू आलं, आणि मग ते जिरलं.

पुढचा धर्मगुरू फौज घेऊन आला. तो लढाईत मेला, पण त्याच्या फौजेनं शेतं जाळली, तेव्हा लिवांनी पुन्हा पाणी घेतलं. फौजेची जहाजं निघाली. शिडं दिसेनाशी व्हायच्या आत सगळे परत नदीत. अंगावर पाणी ओतत म्हणाले, हे तुमचं पाणी आम्ही नदीच्या पाण्यानं काढतो आणि तुमच्या जहाजांमागे परत पाठवतो.

तिसरा धर्मगुरू हुशार होता. त्यानं लिवांच्या म्हाताऱ्यांना पंगतीला बोलावलं, त्यांनी पिऊन घेतल्यावर बाहेरून दार लावून घेतलं, आणि सोडायच्या बदल्यात त्यांची मुलं मागितली. चांगल्या घरांतली तीस मुलं. ती जहाजात बसवून दूर देशी नेली. घरचे पुन्हा नदीत उतरले तर मुलांचं काय होईल, हे कोणी बोलून दाखवायची गरज नव्हती.

त्या मुलांचं पुढे काय झालं ते मी वहीत शोधलं. बखर लिहिणाऱ्याला त्यात रस नसावा. तो पुढच्या लढाईकडे वळला होता.

५

शुक्रवारी मी लंच अवरमध्ये व्हिकरबाईंकडे गेलो. त्या चर्चच्या मागच्या खोलीत जुने कपडे पिशव्यांत भरत होत्या. मला बसायला खुर्ची दिली, स्वतः उभ्याच राहिल्या, कारण बसल्या तर उठायला त्रास होतो म्हणाल्या. सगळं बोलणं अर्थात इंग्रजीत झालं.

"बाप्तिस्मा परत करता येतो का?" मी विचारलं.

"परत म्हणजे कोणाला?"

"तुम्हाला."

त्यांना वाटलं मी थट्टा करतो आहे. मग त्यांनी माझा चेहरा बघितला. "मिस्टर देसाई, ते मी दिलेलं नाही, मग परत कशी घेऊ? पाणी वाळतं. पाण्याचं काम तेवढंच. झालेली गोष्ट राहते."

"आणि पाणी वाळलंच नाही तर?"

त्या एका स्वेटरची बाही दुमडत राहिल्या. मीच सांगून टाकलं, की त्याच संध्याकाळी आम्ही ते धुऊन काढलं. आमच्या पद्धतीनं. त्या रागावतील असं वाटलं होतं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"तुम्ही माझ्यापुढे तिच्या वतीनं हो म्हणालात," त्या म्हणाल्या. "मग घरी जाऊन तिच्याच वतीनं नाही म्हणालात. दोन्ही वेळा तनूला विचारलंत का?"

मी घड्याळ बघून उठलो. दाराशी त्या म्हणाल्या, "रविवारी मी तिच्या डोक्यावर हात ठेवला होता. मला वाटलं स्विमिंगहून आली आहे."

६

पुढच्या गुरुवारी काम संपवून द्यायचं होतं. लाल खुणा सगळ्या निपटल्या होत्या. शेवटी एक नियम म्हणून आम्ही काही पानं पूर्ण वाचतो, सॉफ्टवेअर जी निवडेल ती. त्यात मुलांचं पान आलं. दोघांही टाइप करणाऱ्यांनी लिहिलं होतं: एकतीस मुलं.

मी फोटो मोठा करून बघितला. वहीत अक्षरं स्वच्छ होती. तीस.

दोघांचं जुळत होतं म्हणून लाल खूण पडली नव्हती. मी पुण्याला गिरीशला फोन लावला. गिरीश तिथला टीम लीडर, आवाजावरून कायम जेवण राहिलेला वाटणारा.

"एकानं दुसऱ्याचं कॉपी केलं असेल," मी म्हटलं.

"शक्यच नाही सर. एक जण इथे बसतो, दुसरी नाशिकच्या ऑफिसला. ओळखत पण नाहीत एकमेकांना. थांबा हं." बटणांचा आवाज आला. "सर, विचित्र आहे. आधीच्या फाइलीत पण एकतीसच आहे. म्हणजे पायलटला, सुरुवातीच्या ट्रायलला, तिसऱ्याच मुलीनं केलं होतं ना, त्याच्यात."

"फोटोत तीस आहे, गिरीश."

"मग तीस करा ना सर. फोटोत जे आहे तेच द्यायचं. क्लायंट थांबलाय."

पडद्यावर कर्सर लुकलुकत होता. तीन माणसांनी, तीन ठिकाणी, एक मूल जास्त मोजलं होतं. मला तनूच्या वर्गाची तिसावी जागा आठवली. पण दुपारचे दोन वाजले होते, पहाटे पाचपासून जागा होतो, आणि नियम सोपा होता. मी दोन्हीकडचा "एक" खोडला. तीस केलं. खाली माझी आद्याक्षरं टाकली आणि फाइल पाठवून दिली.

७

शाळेत मुलं सोडायची पद्धत अशी: वर्गाचं एक दार थेट पटांगणात उघडतं. मिस कार्टर, तनूची टीचर, तिथे उभी राहून आईबाप दिसले की एकेक मूल बाहेर सोडते. तिच्या मागे वर्ग, आणि वर्गाच्या पलीकडच्या भिंतीत हॉलचं दार, वरपासून खालपर्यंत काचेचं. तनू आडनावामुळे नाही, पण आळसामुळे नेहमी शेवटी यायची. कोट सापडायचा नाही, नाहीतर एक ग्लोव्ह.

त्या गुरुवारीही शेवटीच आली. कोटाची सगळी बटणं लावलेली, दोन्ही ग्लोव्ह हातांत. मी सवयीनं तिच्या डोक्यावर हात ठेवला.

केस कोरडे होते.

मी पुन्हा हात फिरवला. कपाळावर, भांगात, मागे. कोरडे, ऊबदार. मला रडूच यायचं बाकी होतं. मी मोठ्यानं हसलो, तिथल्या दोनतीन आयांनी वळून बघितलं. जवळजवळ तीन महिने मनात धरून ठेवलेलं काहीतरी सुटलं.

"That's all thirty of mine," मिस कार्टर म्हणाली आणि दार लोटायला वळली.

तेव्हा तिच्या खांद्यावरून मला हॉलचं दार दिसलं. हॉलमध्ये दिवे नव्हते. काचेला पलीकडून कपाळ टेकवून एक लहान मूल उभं होतं. डोळे इतके गच्च मिटलेले की नाकावर सुरकुत्या पडल्या होत्या. दोन्ही हात चेहऱ्यापुढे वर धरलेले, मुठी एकमेकींच्या वर, जसं कोणाचं तरी मनगट धरलं आहे.

"हॉलमध्ये कोणीतरी आहे," मी म्हणालो. इंग्रजीत म्हणालो की मराठीत, आठवत नाही.

मिस कार्टरनं मागे बघितलं. मीही पुन्हा बघितलं. काच होती, तिच्यावर कमरेच्या उंचीला तळहाताएवढा ओला डाग होता.

"Condensation," ती दमलेल्या आवाजात म्हणाली. तिचाही दिवस मोठा झाला असणार. "लंचनंतर हॉलला कुलूप असतं."

मी म्हणू शकलो असतो की उघडा. तिनं उघडलं असतं, इथली माणसं अशा बाबतीत हुज्जत घालत नाहीत. पण माझ्या हातात एक छोटा कोरडा हात होता, तो घराकडे ओढत होता.

"बाबा, घरी जाऊ."

मला घरी जायचं होतं. कोरडे केस घेऊन घरी जायचं होतं, ऋजुताला दाखवायचं होतं, एक रात्र रुमालाशिवाय झोपायचं होतं. मी गेलो.

८

साडेसहाला टब भरला. ती न सांगता आत बसली. मी जग भरला आणि मनगट पुढे करून थांबलो.

तिनं धरलं नाही. मान मागे टाकली नाही. मी हळूच पाणी ओतलं, ते तिच्या कपाळावरून उघड्या डोळ्यांत गेलं, आणि ती तशीच समोरच्या टाइल्सकडे बघत राहिली. एक, दोन, तीन मीच मोजले. चौथा तिनं मागितला नाही. बूच काढल्यावर पाणी गेलं, घशातला तो एक आवाज झाला आणि बाथरूम शांत झाली. पाइपात काहीही वाहत नव्हतं. टॉवेल लावायच्या आधीच तिचे केस वाळले होते.

ऋजुता त्या रात्री पहिल्यांदा मनापासून हसली. "बघ, उगाच घाबरत होतो आपण," ती म्हणाली. आईलाही तिनंच फोनवर कळवलं. आई म्हणाली, गंगेला थोडा वेळ लागतो कधीकधी.

सोमवारी मी गिरीशला फोन करून म्हटलं, तो आकडा परत एकतीस करायचा आहे, मी एक मूल खोडलंय. तो म्हणाला, "फाइल गेली सर. क्लायंटनी साइन-ऑफ पण केलं. आणि फोटोत तीसच आहे, तुम्हीच दाखवलंत."

घरातली मुलगी चांगली आहे. कोट स्वतः घालते, ग्लोव्ह हरवत नाही, वरणभात संपवते. हाक मारली की वळून बघते, आधी जरा थांबून, अनोळखी घरात पाहुणं आलेलं मूल बघतं तशी. तिचाही काही दोष नाही. तिलाही कुणीतरी आणून ठेवलेलंच असणार. तिला मी जवळ घेतो आणि ती घेऊ देते.

मार्चमध्ये पेरेंट्स इव्हनिंग होती, संध्याकाळी पाचला. मिस कार्टरनं ऋजुताला वह्या दाखवल्या, प्रगती छान आहे म्हणाली. मी मागे उभा होतो. मग तीनचार पावलं चालत हॉलच्या दाराशी गेलो. काचेवर तो डाग होताच. रोज पुसतो आम्ही, असं क्लीनरनं मला एकदा सांगितलं होतं. आत अंधार होता आणि मला काही दिसलं नाही. दाराला कान लावला तेव्हा पाणी ऐकू आलं, बारीक, एकसारखं, लांब चाललेलं.

मी गुडघ्यांवर बसलो. कोटाची बाही वर केली आणि मनगट त्या डागाच्या जरा खाली काचेला टेकवलं.

"तनू," मी म्हणालो. "बाबा आहे. डोळ्यात नाही जाणार."

काच थंड होती. बराच वेळ काही झालं नाही. मग मनगट किंचित ओढलं गेलं. एकदा, दोनदा, तीनदा. मी श्वास धरून थांबलो. चौथ्यांदा ओढलं गेलं.

"रघू, काय करतोयस?" ऋजुतानं मागून विचारलं. ती मुलगी तिचा हात धरून उभी होती आणि माझ्याकडे बघत होती. मी बूट बांधतोय असं सांगितलं आणि उठलो. दाराला कुलूप होतं, किल्ली केअरटेकरकडे होती, केअरटेकर पाचला गेला होता.

त्याला आता दोन आठवडे होतील. माझ्या उजव्या मनगटाभोवती दोन ओले पट्टे आहेत, लहान बोटांएवढे. शर्टाची बाही रोज भिजते. ऋजुता म्हणते जीपीला दाखव, नाहीतर निदान ड्रायर लाव. मी लावत नाही. ऑफिसमध्ये टाइप करतानासुद्धा तो हात मी टेबलाला टेकवत नाही.